केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी

टिटवीच्या आईचा आवाज गेला तो समाजशास्त्रामुळे. हसू नका, खरं सांगतोय. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही शाळेत शिकवता का? की गाता?" आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नाही हो, मी शाळेचे गणवेश शिवते." डॉक्टर बुचकळ्यात पडले. गणवेश शिवून कुणाच्या स्वरतंतूंवर गाठी येत नाहीत. शेवटी टिटवीनंच सांगितलं, की आई काजं-बटणं करता करता समोर पुस्तक उभं करते आणि मला वाचून दाखवते. रोज तीन-चार तास, गेली दोन वर्षं. डॉक्टर म्हणाले, बंद. सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

टिटवी हे घरचं नाव. पोरीला जन्मापासून दिसत नव्हतं, पण गळा असा लाभला होता, की पाळण्यातून ओरडली तर गल्लीच्या टोकाचा न्हावी वस्तरा थांबवायचा. मावशीनं नाव ठेवलं टिटवी, आणि ते चिकटलं. कॉलेजात हजेरीपटावर दुसरं नाव होतं खरं, पण ते फक्त हजेरीपटालाच ठाऊक. तिथंही सगळे टिटवीच म्हणत, कारण तीच सगळ्यांना तसं सांगत सुटायची. आपल्याला दिसत नाही याचं तिला दुःख नव्हतं आणि कौतुकही नव्हतं. कुणी फार हळहळलं, की ती म्हणायची, "तुम्हाला काय काय दिसतं ते मला माहीतच नाही, मग चुकचुकू कशाबद्दल?"

आईचं वाचन म्हणजे एक प्रकरण होतं. बाई आठवी शिकलेली, पण मतं पीएचडीची. वाचता वाचता मध्येच म्हणायची, "इथं या गृहस्थानं मघाचंच पुन्हा लिहिलंय, मी सोडते." पानाखालच्या टिपा तर तिनं कधी वाचल्याच नाहीत. "बारीक अक्षरात लिहिलंय, म्हणजे त्यालाही फारसं महत्त्वाचं वाटलेलं नाही." आणि आईनं सोडलेलं ते परीक्षेत हमखास यायचं. तरी टिटवी एम.ए.च्या शेवटच्या सत्रापर्यंत येऊन पोचली होती, आणि आई नसती तर तिथवर पोचलीच नसती, हे ती कुणालाही सांगायची.

आता विचार करा. आईला बोलायचं नाही आणि लेकीला दिसत नाही. एकीनं खुणा करायच्या तर दुसरीला दिसणार नाहीत, दुसरीनं विचारायचं तर पहिली उत्तर देणार नाही. पहिल्या दिवशी आईनं टेबलावर थापा मारून पाहिल्या. एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. संध्याकाळपर्यंत दोघी वैतागल्या. मग आईनं फोन उचलला आणि संदेश लिहिला. टिटवीच्या फोनमधली बाई तो वाचू लागली. या बाईचा आवाज सपाट, राग नाही लोभ नाही. त्या आवाजात ऐकू आलं, "पंखा चालू ठेवून गेलीस काल वीज काय तुझ्या बापाची आहे." टिटवी खो खो हसली. आईचं ओरडणं असं अधिकाऱ्याच्या सुरात तिनं कधी ऐकलं नव्हतं. दोन दिवसांत घर सुरळीत चालू लागलं. आई खोलीच्या या कोपऱ्यातून लिहायची, त्या कोपऱ्यात बाई बोलायची, आणि टिटवी आपल्या गळ्यानं उत्तर द्यायची.

सगळं सुरळीत झालं, घोडं अडलं ते पुस्तकाशी. शेवटच्या पेपरला एक जाडजूड पुस्तक होतं, तीनशे बारा पानांचं, आणि निम्मे प्रश्न त्यातूनच येणार होते. परीक्षेला चाळीस दिवस उरले होते. आईनं जेमतेम पहिलं प्रकरण वाचलं होतं, तेही गाळून.

पण कॉलेजच्या ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर 'डिजिटल कक्ष' होता. दारावर पाटी, आत गार हवा, चार संगणक, एक भलंमोठं स्कॅनर. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी सहाशे बारा पुस्तकं तिथं संगणकावर चढवलेली होती. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत त्या कक्षाचं रंगीत छायाचित्र होतं, म्हणे. टिटवीनं पहिल्या वर्षी तिथून एक पुस्तक आणलं होतं, पण ते नीट वाचलं गेलं नव्हतं. आपला लॅपटॉप जुना, आपलंच काहीतरी चुकत असेल, असं म्हणून तिनं नाद सोडला आणि आईच्या गळ्यावर भिस्त ठेवली. ही गोष्ट तिच्या मनाला पुढे फार लागणार होती.

तिनं ते जाड पुस्तक मागून घेतलं. घरी आली, फाइल उघडली. लॅपटॉपमधली बाई म्हणाली, "पान एक. केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी." टिटवीनं पुढचं बटण दाबलं. "पान दोन. केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी." पान तीन, तेच. पान चाळीस, तेच. तिनं थेट पान तीनशे बारावर उडी मारली. बाई शांतपणे म्हणाली, "केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी."

टिटवीनं आईला बोलावलं. "आई, या पानावर तुला काय दिसतं?"

आईनं चष्मा लावून पाहिलं आणि फोनवर लिहिलं. बाईनं वाचलं, "छान स्वच्छ पान आहे सगळी अक्षरं दिसतात वर एक फिकट राखाडी शिक्का आहे केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी असा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी तिसऱ्या मजल्यावर हजर. स्कॅनरवर बसणारा माणूस पन्नाशीचा, त्याला सगळे काटकोन म्हणत. पान मशीनवर ठेवताना तो पट्टी लावून ठेवायचा. जरा तिरकं झालं तर पुन्हा काढायचा. एका पुस्तकाला तीन दिवस लागले तरी बेहत्तर, पण पान सरळ हवं.

"काका," टिटवी म्हणाली, "पुस्तकावरचा हा शिक्का काय आहे?"

काटकोन अभिमानानं म्हणाला, "तो साहेबांचा नियम. बाकीच्या मुलांनी फुकटात वाचू नये, म्हणून प्रत्येक पानावर शिक्का मारायचा आणि फाइलला कुलूप लावायचं."

"आणि शिक्क्याखालचं पान?"

"पान म्हणजे पानाचा फोटो. एकदम सरळ. बघ की."

"मी काय बघू, काका," ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडून त्याच्या पुढे सरकवला. "ऐका."

काटकोननं ऐकलं. पहिल्या पाच पानांपर्यंत त्याला वाटलं, यंत्र सुरू होतंय. दहाव्या पानाला तो खुर्ची ओढून बसला. टिटवीनं समजावून सांगितलं. फोटोतली अक्षरं यंत्राला अक्षरं म्हणून कळत नाहीत, त्याला तो नुसता डाग. शिक्का तेवढा खऱ्या अक्षरांचा, टंकलेला. म्हणून अख्ख्या पानावर यंत्राला वाचता येतं ते तेवढंच. फोटोतून अक्षरं ओळखणारं यंत्र असतं, पण फाइलला कुलूप, त्यामुळे तिलाही ते चालवता येत नाही.

म्हणजे बघा, काय कारभार. ज्यांना दिसतं ती मुलं फिकट शिक्क्याआडून मजेत वाचत होती. वर्गातल्या एकीनं टिटवीला कौतुकानं सांगितलंही होतं, की कक्षातली प्रत फार सुरेख आहे, तिच्या वसतिगृहाच्या अख्ख्या मजल्यावर फिरते. आणि ज्यांच्या नावानं शिक्का होता, त्यांना फक्त शिक्का वाचता येत होता. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' अशी एक म्हण आहे. ती कुणा दिसणाऱ्यानंच केली असणार, नाहीतर त्या म्हणीत जातं बिघडवणाऱ्याचं नाव आलं असतं.

"चार वर्षं," काटकोन म्हणाला. "सहाशे बारा पुस्तकं."

टिटवीला त्याची दया आली, पण आपल्या पुस्तकाची काळजी जास्त होती. ती तडक ग्रंथपालांकडे गेली.

ग्रंथपाल वाईट माणूस नव्हते. आवाजात साय होती. ते दृष्टिहीन मुलांना 'बाळ' म्हणत आणि कुणी जिना चढायला लागलं, की धावत येऊन दंडाला धरत, मग त्याला हवं असो नसो. त्यांनी टिटवीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ बाळ, तो शिक्का तुमच्या हक्काचं रक्षण करतो. त्याची वाक्यरचना मी स्वतः केली आहे, तीन मसुदे करून. नुसतं 'अंधांसाठी' लिहिलं असतं तर तुमच्या भावना दुखावल्या असत्या."

"सर, माझ्या भावना ठीक आहेत. मला पुस्तक वाचता येत नाही."

"तुझी आई वाचून दाखवते ना?"

"आईचा घसा गेलाय."

"अरेरे," ग्रंथपाल मनापासून म्हणाले. मग खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. "चौदा तारखेला तपासणी समिती येते आहे. आपल्या कक्षाला उत्कृष्ट म्हणून मान्यता मिळायची आहे. तू चांगली बोलतेस. तेव्हा दोन शब्द बोल, आणि हे समाधानपत्र, याच्यावर सही कर. अंगठा दिलास तरी चालेल. समिती एकदा गेली, की मग तुझं ते शिक्क्याचं बघू."

"मला सही येते," टिटवी म्हणाली. "पत्रात काय लिहिलंय?"

"हेच, की कक्षातली पुस्तकं मला सुलभपणे वाचता येतात आणि मी समाधानी आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चौदा तारखेला अजून तेरा दिवस होते आणि पुस्तकाची चावी याच माणसाकडे होती. ती म्हणाली, "विचार करते." जिना उतरताना ती स्वतःवरच चिडली. विचार कसला करायचा होता त्यात?

दोन दिवसांनी काटकोन तिला पायऱ्यांपाशी भेटला. इकडं तिकडं पाहून त्यानं तिच्या तळहातावर एक पेनड्राइव्ह ठेवला. "मूळ प्रत आहे, बिनशिक्क्याची, बिनकुलपाची. तुझ्या पुस्तकाची. सगळ्याच पुस्तकांच्या आहेत माझ्याकडे, मी टाकून देत नाही काही. रात्रीत अक्षरं ओळखून घे आणि अभ्यासाला लाग. फक्त माझं नाव घेऊ नकोस, पोरी. माझा करार दर वर्षी साहेबांच्या सहीनं पुढे सरकतो."

पेनड्राइव्ह हातात आला आणि टिटवी हिशेब करू लागली. सदतीस दिवस. दिवसाला नऊ पानं. आरामात झालं असतं. तिनं विचारलं, "काका, आणखी अकरा जण आहेत कॉलेजात माझ्यासारखे. त्यांचं काय?"

"ते कुठं काय मागतात?" काटकोन म्हणाला. "चार वर्षांत तू पहिली आलीस तक्रार घेऊन."

हे मात्र तिला खरं वाटेना. संध्याकाळी तिनं पहिल्या वर्षाच्या एका मुलीला फोन लावला. नुकतीच शाळेतून आलेली, हळू बोलणारी, प्रत्येक वाक्याआधी 'ताई' म्हणणारी. टिटवीनं विचारलं, कक्षातली पुस्तकं नीट वाचता येतात का?

"ताई, पुस्तकं चांगलीच असणार," ती मुलगी म्हणाली. "माझाच लॅपटॉप खराब आहे. एकच ओळ वाचत बसतो. तीनदा दुरुस्त करून आणला. दुकानदार म्हणतो, यात काही बिघाडच नाही. बाबा म्हणाले, आता चौथ्यांदा पाठवायचा नाही. म्हणून मी वर्गात जेवढं ऐकते, तेवढ्यावरच लिहिते."

टिटवीनं एकेक करून सगळ्या अकरा जणांना फोन केले. एकाला वाटत होतं, आपल्याला यंत्र चालवता येत नाही. एकाला वाटत होतं, आपली आवृत्ती जुनी आहे. एक जण म्हणाला, "मला वाटलं तुम्हा सगळ्यांना येतं आणि मलाच येत नाही, म्हणून लाजेनं कुणाला विचारलं नाही." भीड भिकेची बहीण म्हणतात, तसं होतं हे. बारा हुशार पोरं, आणि प्रत्येकानं चूक आपल्याच अंगावर ओढून घेतली होती. टिटवीनंसुद्धा, पहिल्या वर्षी. हे आठवलं तेव्हा तिला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

तिनं आईला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी पेनड्राइव्ह परत करणार आहे."

आईनं बराच वेळ लिहिलं. बाईनं वाचलं, "वेडी आहेस का समोर आलेलं ताट लाथाडतेस आधी स्वतःची परीक्षा दे मग जगाचं बघ."

"आई, मी गप्प राहून घेतलं, तर समाधानपत्रावर सही करावी लागेल. नाही केली, तर हे मला कुठून मिळालं ते शोधतील आणि काकांचा बळी जाईल. सही केली, तर कागदावर लिहिलेलं राहील, की सगळं वाचता येतं. मग ती पहिल्या वर्षाची मुलगी आणखी तीन वर्षं आपला चांगला लॅपटॉप दुरुस्त करत बसेल."

कात्रीचा आवाज थांबला. मग फोन वाजला. "तीनदा दुरुस्त केला का गं तिनं." टिटवी हो म्हणाली. मग बाई आपल्या त्याच निर्विकार सुरात म्हणाली, "मग जा आणि चांगली जिरव त्यांची."

टिटवीनं पेनड्राइव्ह काटकोनला परत दिला. तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण करतेस, पोरी." ती म्हणाली, "असू दे. चोरून मिळालेलं पुस्तक माझ्या एकटीचं होतं. मला ते उघड हवंय. आणि काका, एक सांगू? तुमची पानं सरळ आहेत ना, त्यामुळे यंत्र त्यातला एक काना-मात्राही चुकणार नाही. तुमचं काम वाया गेलेलं नाही. त्यावर झाकण बसलंय, एवढंच." मग टिटवीनं अकरा जणांना पुन्हा फोन केले. चौदा तारखेला लॅपटॉप घेऊन या, पुरेपूर चार्ज करून.

चौदा तारखेला ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात नव्या रंगाचा वास येत होता. बाराही जणांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, छायाचित्रासाठी. समितीत तिघे होते. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्याबाई, मोजकं बोलणाऱ्या. बाकी दोघे अधूनमधून घसा साफ करत. ग्रंथपालांनी भाषण केलं. सहाशे बारा पुस्तकं, बारा लाभार्थी, समाधानाचं प्रमाण शंभर टक्के. मग म्हणाले, "आता आमची विद्यार्थिनीच दोन शब्द बोलेल."

टिटवी उठली, टेबलापाशी गेली आणि लॅपटॉप उघडला. "मी बोलणार नाही," ती म्हणाली. "सर, कक्षातलं तुमच्या आवडीचं कुठलंही पुस्तक सांगा. ते लावते."

ग्रंथपाल खूश झाले. त्यांनी एक जुना, नावाजलेला ग्रंथ सांगितला. टिटवीनं तो कक्षाच्या संग्रहातून लॅपटॉपवर उतरवून घेतला, आवाज वाढवला आणि वेग कमी केला. तिची नेहमीची गती या लोकांना झेपली नसती.

"पान एक. केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी. पान दोन. केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी. पान तीन."

सहाव्या पानाला अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे अडकलंय का?"

"नाही, मॅडम. पुस्तक एवढंच आहे."

ग्रंथपाल पुढे आले. "हिच्या लॅपटॉपमध्ये काहीतरी दोष दिसतो. लाभार्थ्यांची यंत्रं जुनी असतात, त्याला आपण काय करणार?"

टिटवी उत्तर देणारच होती. पण पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला. "सर, मग माझ्याही लॅपटॉपमध्ये दोष आहे. तीनदा दुरुस्त केलाय मी." पहिल्या वर्षाची मुलगी उभी राहिली होती. तिनं आपलं यंत्र चालू केलं. तिच्या शेजारच्यानं आपलं. मग त्याच्या शेजारच्यानं. बारा यंत्रं, बारा पुस्तकं. कुठं पुरुषी आवाज, कुठं बाईचा, कुणी पुढं कुणी मागं, पण वाक्य एकच. केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी. केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी. समितीतल्या एकानं कानावर हात ठेवले.

"पुरे," अध्यक्षबाई म्हणाल्या. यंत्रं थांबली. बाईंनी संगणकावर जाऊन शिक्का स्वतः पाहिला, दोन-तीन प्रश्न विचारले. त्यांना कळलं, चटकन कळलं. "बाब गंभीर आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही अहवालात तशी नोंद करू."

"अहवाल कधी येतो, मॅडम?" टिटवीनं विचारलं.

"साधारण तीन महिन्यांत."

"माझी परीक्षा सव्वीस दिवसांवर आहे."

"ते मला समजतं. पण पद्धत असते."

"पद्धत मलाही समजते," टिटवी म्हणाली. "माझी आई आठवी शिकलेली आहे. तिला सध्या बोलता येत नाही आणि मला दिसत नाही. आम्ही दोन दिवसांत पद्धत काढली. एका साध्या फोनवर. त्यासाठी समिती नेमली नाही. तुम्ही जा चहाला. मी इथंच वाचत बसते." असं म्हणून ती खाली बसली आणि तिनं बटण दाबलं. "पान सात. केवळ दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी."

ग्रंथपाल म्हणाले, "बाळ, हा उद्धटपणा आहे."

"हो, सर," ती म्हणाली.

मागचे अकराही खाली बसले, आणि पुन्हा सगळी यंत्रं सुरू झाली. समितीला चहाला नेणार होते, पण अध्यक्षबाई जागच्या हलल्या नाहीत, मग बाकीचे तरी कसे हलतील? मूग गिळून सगळे ऐकत राहिले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. ग्रंथपालांनी तीन मसुदे करून रचलेलं वाक्य त्यांच्याच कानावर आदळत होतं. त्यांनी ते आजवर शेकडो वेळा पाहिलं असेल, पण ऐकलं पहिल्यांदाच.

शेवटी मागून खुर्ची सरकली. काटकोन पुढे आला. "शिक्का मी मारलाय," तो म्हणाला. "सहाशे बारा पुस्तकांवर. मूळ प्रती माझ्याकडे आहेत. कुलूप काढून, अक्षरं ओळखून द्यायला एका पुस्तकाला पाच-दहा मिनिटं लागतात. अहवाल कशाला पाहिजे?"

"तुम्हाला कुणी विचारलंय?" ग्रंथपाल म्हणाले.

"कुणीच नाही, साहेब. चार वर्षांत कुणीच विचारलं नाही. म्हणूनच हे असं झालं." तो आणखी एक पाऊल पुढे आला. "करार पुढे सरकवायचा नसेल तर नका सरकवू. पण जाण्याआधी मी हे करून जाणार."

अध्यक्षबाईंनी ग्रंथपालांना विचारलं, "तुमची काही हरकत आहे का? सांगा, तीही नोंदवून घेते." त्या एवढंच बोलल्या. पण नोंद हा शब्द आता ग्रंथपालांवर रोखला गेला होता.

ग्रंथपाल उभे होते. "पान दोनशे एकोणसाठ," बाई म्हणाली, आणि तेच वाक्य. त्यांनी खिशातून रुमाल काढला असावा, कारण त्यांचा आवाज त्यातून आल्यासारखा आला. "काढा," ते म्हणाले. "काढा तो शिक्का."

काटकोन संगणकाकडे धावला. "पहिलं कुणाचं? तुझं ना, टिटवी?"

टिटवीच्या तोंडाशी हो आलं होतं. सव्वीस दिवस. "पहिल्या वर्षाचं," ती म्हणाली. "माझं शेवटी."

संध्याकाळ झाली तेव्हा समिती गेली होती, नव्या रंगाचा वास तेवढा उरला होता. पहिल्या रांगेत दहा-अकरा यंत्रं वेगवेगळं काहीबाही वाचत होती आणि नुसता गलका झाला होता. कुणी मध्येच हसत होतं, कुणी शेजाऱ्याला गप्प कर म्हणत होतं. बाराव्या पुस्तकाची फाइल काटकोननं टिटवीच्या लॅपटॉपवर उतरवली आणि तो पाणी प्यायला गेला.

ग्रंथपाल टिटवीजवळ येऊन उभे राहिले. तिच्या हाताला कागद लागला. "आता तरी समाधानपत्रावर सही कर, बाळ," ते म्हणाले. आवाजातली साय गेली होती, बरा वाटत होता तो आवाज. "शिक्का काढतोय ना आपण. आजपर्यंत बारा झाली, उरलेलीही होतील."

टिटवीनं कागदाची घडी घातली, नीट, कडा जुळवून, आणि त्यांच्या हातात परत दिली. "सर, सहाशे होऊ देत. आणि मला आधी हे पुस्तक वाचू द्या. समाधानी आहे की नाही, ते मी वाचून झाल्यावर सांगते."

तिनं कानात इअरफोन घातले, आपली नेहमीची गती लावली आणि पान एकवर गेली.